श्रेणीच्या दोन टोकांवर कोण उभे आहे?

'ॲल्युमिनिअम कार्बनच्या साहाय्याने क्षपण करून मिळवता येत नाही. कारण लिहा.' दहावीच्या मुलांना हा प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर दोन्ही पाठ असतात. ॲल्युमिनिअमला ऑक्सिजनची ओढ कार्बनपेक्षा जास्त असते. कार्बन त्याच्याकडून ऑक्सिजन काढून घेऊ शकत नाही, म्हणून वीज वापरावी लागते. उत्तर बरोबर, गुण पक्के. पण या उत्तराला लागून असलेला पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या डोंगरातून तो बॉक्साइट आला, तो डोंगर कोणाचा होता? आणि शिसे तर साध्या शेगडीवर वितळते, मग ती शेगडी कोणाच्या झोपडीत पेटते?

या लेखाचे म्हणणे सरळ आहे. अभिक्रियाशीलता श्रेणी ही पाठ करून विसरायची यादी नाही. कोणता धातू कोणत्या मार्गाने मिळवायचा, हे ती ठरवते. आणि मार्ग ठरला की त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडणार, हेही आपल्या देशात ठरून जाते. श्रेणीच्या वरच्या टोकाचे धातू अफाट वीज आणि अफाट भांडवल मागतात. त्यांच्यासाठी आदिवासींचे डोंगर जातात. खालच्या टोकाचे धातू साध्या आगीने आणि आम्लाने सुटे होतात. ते सुटे करण्याचे काम वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडते. तिथे दलित, मुस्लिम आणि भटक्या-विमुक्त समाजाची माणसे ते विष छातीत भरून घेतात. हा अन्याय रसायनशास्त्राने केलेला नाही. रसायनशास्त्र फक्त मार्ग सांगते. त्या मार्गावर कोणाला उभे करायचे, हे जात ठरवते.

परीक्षा देणारी श्रेणी आणि जन्माने मिळणारी श्रेणी

धातूंची श्रेणी कशी तयार झाली, हे आधी नीट समजून घेऊ. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाका. थोड्या वेळाने निळा रंग फिका होतो आणि खिळ्यावर तांब्याचा लालसर थर बसतो. लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढले. आता उलटे करून बघा. फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवा. काहीही होत नाही. अशा एकेका प्रयोगातून कोण वर आणि कोण खाली हे ठरले. पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम वर. जस्त, लोखंड, कथिल, शिसे मध्ये. तांबे, पारा, चांदी, सोने खाली. इथे प्रत्येक धातूने आपली जागा परीक्षा देऊन मिळवली आहे. उद्या कोणी शंका घेतली, तर पुन्हा प्रयोग करून दाखवता येतो. वाड्यात करा किंवा वस्तीत करा, निकाल तोच येतो.

आपल्या समाजातही एक श्रेणी आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या श्रेणीत जागा मिळण्यासाठी कोणताही प्रयोग होत नाही, जागा जन्मानेच मिळते. शंका घेतली तर उत्तर म्हणून प्रयोग नाही, ग्रंथ पुढे येतो. विज्ञानाच्या वर्गात 'श्रेणी' हा शब्द शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा फरक सांगितला पाहिजे. एक श्रेणी पुराव्यावर उभी आहे आणि दुसरी पुराव्याला घाबरते.

कोणी म्हणेल, धातूंचा आणि जातीचा संबंध ओढूनताणून आणला जातो आहे. संबंध आम्ही आणलेला नाही, तो ग्रंथकारांनी आणला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसे राहायचे याचे नियम आहेत. त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, असे तिथे सांगितले आहे. कोणत्या माणसाच्या अंगावर कोणता धातू शोभेल, हे धातूच्या गुणधर्मावरून ठरलेले नाही. जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांनी तर हिऱ्यालाही वर्ण दिले. पांढरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य आणि काळा शूद्र. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्याचीही जात काढल्याशिवाय या व्यवस्थेला चैन पडले नाही.

ही फक्त पोथीतली गोष्ट राहिली नाही. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या निबंधात दोन घटना नोंदवल्या आहेत. १९२८ मध्ये इंदूर भागातल्या गावांत सवर्णांनी बलाई समाजावर जे हुकूम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हाही एक हुकूम होता. आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्याच कारणावरून त्यांच्यावर हल्ला झाला. मातीचे मडके चालत होते, धातूची घागर चालत नव्हती. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. कथलाच्या आणि चांदीच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण अंगावरून उतरवा, असे त्यांनी सांगितले. ज्या कथिलाचा 'कथिलीकरण' हा शब्द आज आपली मुले व्याख्या म्हणून पाठ करतात, ते कथिल आपल्या आज्यांच्या मनगटावर जातीचा शिक्का होते.

तांब्याच्या भांड्यावर हवेतल्या आर्द्रतेने आणि कार्बन डायऑक्साइडने हिरवट थर चढतो. तो कॉपर कार्बोनेटचा असतो. चिंच लावली की चिंचेतले आम्ल तो विरघळवते आणि भांडे लख्ख होते. भांड्याला कोणाचा हात लागला होता हे चिंचेला कळत नाही. विटाळ रसायनशास्त्रात कुठेच सापडत नाही, कारण तो पदार्थात नसतोच.

वरचे टोक: वीज आणि डोंगर

आता श्रेणीच्या वरच्या टोकाकडे जाऊ. ॲल्युमिनिअम पृथ्वीच्या कवचात सर्वांत जास्त आढळणारा धातू आहे, तरी तो माणसाच्या हाती फार उशिरा आला. सोने नदीच्या वाळूत तसेच सापडते. तांबे हजारो वर्षांपूर्वी भट्टीतून निघाले, लोखंड त्यानंतर. स्वस्त ॲल्युमिनिअम मात्र १८८६ नंतर आले. त्या वर्षी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी वेगवेगळे काम करून एकच पद्धत शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. श्रेणीत जो जितका वर, तितका त्याचा ऑक्सिजन सोडवणे कठीण आणि तितका तो उशिरा हाती लागतो. धड्यातले हे सूत्र खरे आहे.

धड्याबाहेरचे सूत्र असे. एक किलो ॲल्युमिनिअम तयार करायला विद्युत अपघटनातच साधारण १३ ते १५ युनिट वीज जाते. त्यासाठी सुमारे चार किलो बॉक्साइट खणावा लागतो. बायर प्रक्रियेतून ॲल्युमिना वेगळा झाला की मागे दाहक लाल चिखल उरतो, आणि तो कारखान्याशेजारच्या तळ्यात साठत राहतो. हा बॉक्साइट बहुतेक ठिकाणी डोंगरमाथ्यावर असतो, आणि मध्य व पूर्व भारतातल्या त्या डोंगरांवर आदिवासी राहतात. ओडिशातल्या नियमगिरीवर डोंगरिया कोंध राहतात. त्या डोंगरातला बॉक्साइट काढायचा की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. विज्ञानाचे पुस्तक बॉक्साइटची व्याख्या देते. त्या पुस्तकात या १२ ग्रामसभांसाठी एक ओळ असायला काय हरकत आहे?

झारखंडमधल्या नेतरहाटच्या पठारावर असुर आदिवासी राहतात. दगडातून लोखंड गाळणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. पुराणांनी ज्या नावाला राक्षस ठरवले, त्या नावाची जमात भात्याने हवा देऊन, कोळशाने लोहधातुकाचे क्षपण करत होती. आज त्याच पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. ज्यांच्या पूर्वजांना धातू गाळता येत होता, त्यांची नातवंडे आता दुसऱ्याच्या धातूसाठी दगड फोडतात. धातुविज्ञानाचा इतिहास आपल्या देशात असा उलटा फिरला आहे.

मध्यावरचे लोखंड: नाव राजाचे, भट्टी कोणाची?

लोखंड श्रेणीच्या मध्यावर आहे, कार्बनच्या खाली. म्हणून कोळसा त्याच्याकडून ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. म्हणूनच मातीची छोटी भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता एवढ्यावर गावोगाव लोखंड तयार होत होते. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजलेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. या स्तंभाचा अभिमान सगळ्यांना आहे. त्यावर लेखही कोरलेला आहे. त्यात चंद्र नावाच्या राजाच्या पराक्रमाची स्तुती आहे. सहा टनांहून जड असलेले ते लोखंड ज्यांनी भट्टीतून काढले, तापवले, ठोकून एकजीव केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्यावर नाही.

मध्य भारतातले आगरिया हेच काम विसाव्या शतकापर्यंत करत होते. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड केले, भट्ट्यांवर कर बसले आणि विलायती लोखंड बाजारात आले. भट्ट्या विझल्या. आपल्याकडचा घिसाडी आजही पालावर राहून विळे, कुऱ्हाडी करतो, त्यांना पाणी देतो. भाता ओढणारी आणि घण मारणारी बाई घरचीच असते. तापलेले पोलाद पाण्यात बुडवल्यावर कठीण का होते, हा अभियांत्रिकीच्या वर्गातला धडा तिला हाताने येतो. पण तिच्या मुलाच्या दाखल्यासाठी कागद मिळत नाही, कारण पालाला पत्ता नसतो. प्राचीन भारतीय धातुविज्ञानाचा गौरव करणाऱ्या भाषणांत ही बाई कुठे असते? विद्या गौरवायची आणि विद्यावान माणसाला गावाबाहेर ठेवायचे, ही जुनीच रीत आहे.

खालचे टोक: शेगडी, आम्ल आणि फुप्फुसे

आता खालचे टोक. शिसे श्रेणीत खाली आहे आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन साधा कोळसा काढून घेतो. म्हणजे जुन्या बॅटरीतून शिसे काढायला कारखाना लागत नाही. कढई, कोळसा आणि पत्र्याची शेड पुरते. बॅटरीच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन शिशाच्या संयुगांचे आणि शिशाचेच असते, त्यामुळे मालाला भाव येतो. जे ॲल्युमिनिअमच्या बाबतीत अशक्य, ते शिशाच्या बाबतीत सोपे. आणि सोपे आहे म्हणूनच ते गरिबाच्या दारात आले.

बॅटरी फोडली की आतले सल्फ्युरिक आम्ल गटारात जाते. शिशाची वाफ आणि धूळ कपड्यांवर, केसांवर, भाकरीवर बसते. शिशाला वास नसतो, ते डोळ्यांना झोंबत नाही. ते हळूहळू रक्तात आणि हाडांत जाऊन बसते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात वाईट होतो. रक्तातले शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. त्यांत भारतातली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी. या शिशाचे मार्ग अनेक आहेत, पण असुरक्षित बॅटरी-भट्ट्या हा त्यांतला एक मोठा मार्ग असल्याचे तोच अहवाल सांगतो. 'मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही' असे शेरे शाळेतून घरी येतात. त्या मुलाचे रक्त कोणी तपासले आहे का?

तांबेही खालच्या टोकाचे. तांब्याला ऑक्सिजनची ओढ कमी, आणि ते १०८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून वायरी पेटवल्या की वरचे प्लास्टिक जळून जाते आणि तांबे काळवंडले तरी शाबूत राहते. रसायनशास्त्राच्या भाषेत हे तांब्याच्या कमी अभिक्रियाशीलतेचे उदाहरण. पण वरचे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो ओलसर घशात शिरला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. सोबत डायऑक्सिनसारखी विषे तयार होतात. सोने तर सगळ्यात तळाला. ते साध्या आम्लात विरघळत नाही, म्हणून हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचे तीनास एक मिश्रण, म्हणजे आम्लराज, वापरावे लागते. पुस्तकात आम्लराज ही गंमतीची माहिती असते. दिल्लीच्या सीलमपूर भागासारख्या ई-कचऱ्याच्या वस्त्यांत मात्र संगणकांच्या आणि मोबाइलच्या पाट्या आम्लाच्या टबात बुडवणाऱ्याच्या तोंडावर साधा रुमाल असतो आणि समोर तपकिरी धूर.

श्रेणीचा अर्थ आता पुरता लागतो. वरच्या टोकाचा धातू माणसाला डोंगरावरून हाकलतो आणि खालच्या टोकाचा धातू माणसाच्या शरीरात शिरतो. नफा मात्र दोन्ही टोकांकडून एकाच दिशेने वाहतो.

भंगाराच्या दुकानातले रसायनशास्त्र

'धातुविज्ञान' हा दहावीचा धडा खनिजापासून सुरू होतो, निष्कर्षण शिकवतो आणि क्षरण, संमिश्रे यांवर येऊन थांबतो. धातूचे आयुष्य मात्र तिथे थांबत नाही. धातू गंजला, वाकला, तुटला की तो भंगारात जातो आणि तिथून पुन्हा भट्टीत. धातूचा अणू वापराने झिजून नाहीसा होत नाही. तो पुनःपुन्हा वापरता येतो. भंगारातून ॲल्युमिनिअम मिळवायला नव्या ॲल्युमिनिअमच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. कारण उघड आहे. ऑक्सिजन काढण्याचे अवघड काम आधीच झालेले असते, आता फक्त ६६० अंशांना वितळवायचे असते. म्हणजे पुनर्चक्रीकरण हे अभिक्रियाशीलता श्रेणीचेच शेवटचे पान आहे. ते पान धड्यातून गळाले, कारण ते पान ज्यांच्या हातात आहे ते हात धड्यात बसत नाहीत.

हे हात काय करतात ते बघा. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये संघटना उभी केली. तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित जातींतल्या आहेत. कचरा वेचणाऱ्या बाईला जर्मनचे भांडे आणि स्टीलचे भांडे उचलताच वजनावरून कळते. ॲल्युमिनिअमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, हे तिला आकड्यात नाही, तळहातात माहीत असते. भंगारवाला लोहचुंबक लावतो, कानशीने घासून आतला रंग बघतो, पितळ आणि तांबे वेगळे करतो, बीड आणि पोलाद आवाजावरून ओळखतो. भौतिक गुणधर्मांवरून पदार्थांचे विलगीकरण म्हणतात ते हेच. वर्गात हे केले तर प्रात्यक्षिक, आणि उकिरड्यावर केले तर घाण काम.

आता एक गणित सोडवू. एक किलो ॲल्युमिनिअम भंगारातून परत आले, तर साधारण १३ युनिट वीज वाचते असे धरू. एका बाईने महिन्याभरात वेचून आठ किलो ॲल्युमिनिअम गोळा केले. वाचलेली वीज किती? १०४ युनिट. एका गरीब घराला महिनाभर पुरेल इतकी. शिवाय सुमारे ३२ किलो बॉक्साइट डोंगरातच राहिला. या कामाबद्दल तिला काय मिळाले? फक्त भंगाराचा भाव. वाचलेल्या विजेचे श्रेय तिला नाही, वाचलेल्या डोंगराचेही नाही. कंपन्या मात्र 'पुनर्चक्रित धातू' असे छापून माल विकतात आणि पर्यावरणाचे पुरस्कार घेतात. हे गणित दहावीच्या पुस्तकात घालायला कोणती अडचण आहे? यात शिकवणारी एकही गोष्ट अभ्यासक्रमाबाहेरची नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: विज्ञानात जात आणू नका. यावर उत्तर एवढेच की आम्ही सूत्रांत जात घुसवत नाही. शिशाचा वितलनांक सगळ्यांसाठी ३२७ अंशच आहे. पण ते कोण वितळवते, याचे उत्तर सगळ्यांसाठी सारखे नाही. हॉलचे नाव धड्यात येऊ शकते, बायरचे येऊ शकते, तर काम करणाऱ्यांचे का नाही? पुस्तकात माणसे आधीपासूनच आहेत. फक्त निवडक माणसे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त फसवा आहे, कारण तो गोड बोलतो. 'हे लोक किती कुशल! हे तर खरे पर्यावरणरक्षक! त्यांची ही परंपरागत कला जपली पाहिजे.' सावध राहा. सफाईच्या कामाला सेवा आणि पुण्य म्हणून गौरवायचे आणि ते काम त्याच जातीकडे ठेवायचे, हा डाव आपण पूर्वी पाहिला आहे. श्रमांची वाटणी वेगळी आणि श्रमिकांचीच जन्मावरून केलेली वाटणी वेगळी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. कौशल्याला मान हवा, पण मान म्हणजे बेडी नव्हे. भंगारातल्या बाईचे ज्ञान शास्त्र म्हणून मान्य व्हावे, तिला त्याचा मोबदला मिळावा, आणि तिच्या मुलीने ते काम करायचे की धातुशास्त्रज्ञ व्हायचे हे त्या मुलीने ठरवावे. या तिन्ही मागण्या एकत्र आहेत. त्यांतली एक सुटली की बाकीच्या दोन फसव्या होतात.

बाबासाहेब यंत्रांच्या विरोधात नव्हते. यंत्रे नाकारून माणसाला हाताच्या कष्टाला जुंपणाऱ्या विचारावर त्यांनी कडक टीका केली. म्हणून आमची मागणी शेगडी टिकवण्याची नाही. वायर सोलायचे यंत्र हवे, धूर आणि आम्ल पकडणाऱ्या यंत्रणा हव्यात. प्रश्न एवढाच की ते यंत्र कोणाच्या मालकीचे असेल. वस्तीतल्यांच्या सहकारी संस्थेचे, की वस्तीला हटवून त्या जागी येणाऱ्या कंत्राटदाराचे?

काय करायचे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत प्रत्यक्ष उतरले. लोखंडाच्या भट्टीला लागणारा कोळसा खणणारा माणूस कसा जगतो, हे त्यांनी जमिनीखाली जाऊन पाहिले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा, अशी ती व्यवस्था. १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठीही तसाच कायदा झाला. या व्यवस्थेमागचा विचार साधा होता. जो पदार्थ ज्या माणसाच्या घामातून येतो, त्या पदार्थाच्या किमतीत त्या माणसाच्या दवाखान्याचा आणि मुलांच्या शाळेचा वाटा असला पाहिजे.

हाच विचार भंगाराला लागू करा. ई-कचरा आणि बॅटरी कचरा यांचे २०२२ चे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. उत्पादकाचा पैसा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांकडे जातो. फेरीवाल्यापासून सुरू होणारी साखळी मात्र त्या कागदावर शेवटच्या दोन कड्यांपासून सुरू होते. ई-कचऱ्याच्या नियमांत कामगारांची ओळख, नोंदणी आणि कौशल्य प्रशिक्षण ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तुमच्या जिल्ह्यात अशी किती नोंदणी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. आणि परत आलेल्या प्रत्येक टन धातूवर उपकर बसवून वेचक आणि भट्टी कामगारांचा कल्याण निधी उभारा, ही मागणी आपल्या संघटनांनी जाहीरनाम्यात घ्यावी.

दुसरे काम पाठ्यपुस्तकाचे. धातूंचा धडा भंगारापर्यंत न्या. नियमगिरीच्या ग्रामसभा, आगरिया-असुरांच्या भट्ट्या, पाच टक्के ऊर्जेचे गणित आणि शिशाचा धोका, एवढे चार परिच्छेद वाढवले तरी धडा पुरा होईल.

तिसरे काम कोणाच्या परवानगीवाचून आजच सुरू करता येते. आपल्या समाजमंदिरांत आणि बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. तिथे हा धडा या पद्धतीने शिकवा. मोरचूद आणि खिळ्याचा प्रयोग काही रुपयांत होतो. त्याच तासाला सांगा की वायर जाळायची नाही, सोलायची. बॅटरीचे काम करणाऱ्याने जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत आणि ते मुलांच्या कपड्यांसोबत धुवायचे नाहीत. मुलांच्या जेवणात लोह आणि कॅल्शिअम पुरेसे असेल तर शरीर शिसे कमी शोषते. वस्तीत बॅटरीची भट्टी असेल तर मुलांच्या रक्ताची तपासणी करण्याची मागणी आरोग्य केंद्राकडे लेखी करा. रसायनशास्त्र परीक्षेत गुण देते, पण आपल्या वस्तीत ते आधी जीव वाचवते.

आपल्या मुलामुलींना शेवटी एकच सांगायचे आहे. हा धडा परका नाही. याची पहिली पाने तुमच्या पूर्वजांच्या भट्टीत लिहिली गेली आणि शेवटचे पान तुमच्या आईच्या पोत्यात आहे. मधली पाने कोणी दुसऱ्याने लिहिली आणि पुस्तकावर स्वतःचे नाव टाकले. हे पुस्तक पुन्हा लिहायचे असेल तर रसायनशास्त्र कसून शिका, प्रयोगशाळेत शिरा, धातुशास्त्राच्या पदव्या घ्या, प्रदूषण मंडळात आणि पाठ्यपुस्तक मंडळात जाऊन बसा. धातूंच्या श्रेणीत जागा परीक्षेने ठरते. माणसांच्या समाजात जन्मावरची श्रेणीच नको, ही आपली लढाई आहे.

जय भीम!